दोन हात लांबून

जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला बसलेल्या बाईच्या मांड्या संध्याकाळपर्यंत निळ्या होतात. कोऱ्या कापडाचा रंग सुटतो, सलवारीतून झिरपतो, घामात मिसळतो आणि कातडीवर बसतो. घरी जाऊन आंघोळ केली की पहिला तांब्या निळाच वाहतो. याला आम्ही ‘नीळ लागली’ म्हणायचो. नीळ लागली की खाज येते आणि खाज आली की मलम लावायचं, एवढं साधं होतं ते. मलमाची ट्यूब खिडकीत, कटरच्या डब्याशेजारी पडलेली असायची. ती कुणा एकीची नव्हती. जिला लागेल ती ओढणीत लपवून मोरीकडे जायची आणि परत आणून ठेवायची. संपली की मेडिकलशेजारी राहणारी बाई दुसरी आणायची. डॉक्टरला कुणी कधी विचारलं नव्हतं. निळीसाठी डॉक्टरकडे कोण जातं?

कारखाना म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका इमारतीचा दुसरा मजला. खाली दुकानं, वर मशिनी. शेठ सिंधी होता, आमच्याशी हिंदीत बोलायचा आणि रागावला की सिंधीत, त्यामुळे शिव्या आम्हाला कधी लागल्या नाहीत.

मी हिंगोलीकडची. नववीनंतर शाळा सुटली. दहावीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि तेवढ्या लांब एकट्या मुलीला कोण पाठवणार, असं घरात ठरलं. मग त्याच एकट्या मुलीला रात्रभराच्या गाडीनं मावशीकडे पाठवलं, हा भाग वेगळा. मावशीनं एका खोलीत मला सामावून घेतलं. तिचा नवरा, दोन मुली, दीर आणि मी. रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून बदलावी लागायची. तरी मावशीनं कधी ताटात कमी वाढलं नाही. तिचं एकच होतं, “तुझ्या आईनं तुला माझ्या भरवशावर सोडलंय. काही वेडंवाकडं ऐकलं ना, तर पहिल्या गाडीनं गावाला. आणि गावाला गेलीस की मांडवात.” हसत म्हणायची. पण ती हसत म्हणायची त्या बऱ्याच गोष्टी तिनं करून दाखवलेल्या होत्या.

तो मला त्याच कारखान्यात भेटला, इस्त्रीवर होता. बदलापूरला, खरवईत आई-वडिलांसोबत राहायचा आणि रोज येऊन-जाऊन करायचा. मला तोवर कटिंगवरून उठवून तपासणीला बसवलं होतं. तयार पँट समोर आली की चेन ओढून बघायची, बटण लावून बघायचं, चारही खिशांत हात घालून शिलाई बघायची. एक दिवस खिशात चिक्की सापडली. दुसऱ्या दिवशी परत. इस्त्रीवरून पँट थेट माझ्याकडेच येत असल्यामुळे चोर शोधायची गरज नव्हती. मी चिक्की खाल्ली आणि कागद परतीच्या गठ्ठ्यातल्या एका पँटीच्या खिशात घालून पाठवला. सुरुवात एवढीच. मी बावीसची होते, तो चोवीसचा.

मग कोरोना आला आणि सगळं बंद झालं. सुरुवातीला वाटलं, आठवडाभराची सुट्टी. पुढे अंबरनाथच्या हद्दीवर पोलिसांनी अडथळे लावले आणि आम्हाला पहिल्यांदाच कळलं की उल्हासनगर कुठं संपतं. एरवी शेअर रिक्षात बसलं की कुठलं शहर कधी संपलं ते कुणाला कळत नव्हतं. तो हद्दीच्या पलीकडे, मी अलीकडे. इस्त्रीचं काम गेल्यावर त्यानं बदलापुरात किराणा पोचवायचं काम धरलं. मी मावशीच्या खोलीत तांदूळ निवडत बसले.

खोलीत सहा माणसं, त्यामुळे फोनवर बोलायची सोय नव्हती. टेरेसवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बोलायचे. तिथंही इमारतीतल्या आणखी दोघी-तिघी येऊन गेलेल्या असायच्या. पुढे आमच्यात न बोलता पाळ्या ठरल्या. एकीचं संपलं की ती पायऱ्या उतरताना खाकरायची. तो म्हणायचा, “फोटो पाठव.” मी वाळत घातलेल्या पापडांचा पाठवायचे. “तुझा पाठव.” मग पापड धरलेल्या माझ्या हाताचा. मला भीती वाटायची. फोटो एकदा गेला की तो कुठं कुठं जाईल ते सांगता येत नाही, आणि मावशीच्या दिराला तर दुसऱ्यांचे फोन बघायची सवय होती.

कारखाना उघडला तेव्हा जीन्स नव्हती. मालाला मागणी नव्हती, दुकानं अर्धी बंद. शेठनं मास्क आणि दवाखान्यातले ते पांढरे अंगरखे शिवायला घेतले. जीन्सच्या आतले खिसे ज्या पांढऱ्या कापडाचे करतात त्याचे तागे पडून होते, त्याचेच मास्क केले. पुढे भेट झाली तेव्हा त्याला मी त्यातले दोन दिले. आमची निम्मी ओळख खिशांतून झाली होती आणि आता तेच कापड तोंडावर आलं होतं.

हद्द उघडल्यावर एका रविवारी मी मावशीला “ओव्हरटाइम आहे” म्हणून सांगितलं आणि बदलापूरला गेले. खरवईच्या टोकाला नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि काम थांबून नुसत्या उभ्या होत्या. त्याचा मित्र एका साइटवर देखरेखीला होता, एका रिकाम्या फ्लॅटची किल्ली त्याच्याकडून मिळाली होती. जाताना मेडिकल लागलं. दोघांनाही माहीत होतं की तिथं थांबायचं आहे. कशासाठी तेही माहीत होतं.

त्या दिवसांत मेडिकलवाल्यांनी दुकानापुढे आडवं टेबल लावून दोरी बांधलेली असायची. रस्त्यावर चुन्याचे गोल आखलेले, गोलात उभं राहायचं, पाळी आली की दोरीच्या अलीकडूनच मोठ्यानं सांगायचं. दुकानदाराच्या तोंडावर मास्क, आपल्या तोंडावर मास्क, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा. हळू बोलायची सोयच राहिली नव्हती. पूर्वी अशा वस्तू काउंटरवर वाकून, नजरेनं मागून घेता यायच्या, असं तो म्हणाला.

मी रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होते. त्याच्या पुढे एक आजोबा होते, त्यांनी बद्धकोष्ठाचं औषध बिनधास्त मागितलं. मागे त्याच्या इमारतीतले एक काका येऊन उभे राहिले. त्याची पाळी आली.

“हां, बोल,” दुकानदार ओरडला.

तो काहीतरी बोलला.

“मोठ्यानं बोल रे, ऐकू येत नाही.”

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात सॅनिटायझरची बाटली होती.

“हे?” मी विचारलं.

“काका होते मागे.”

मी हसले. तोही हसला. एवढंच सांगते की त्या दिवशी आम्ही हात मात्र स्वच्छ धुतले.

त्यानंतर पाळी येईपर्यंत मी कॅलेंडरकडे बघायचंही टाळत होते. ती आली तेव्हा वाटलं, सुटलो. मग खाज सुरू झाली.

खाज म्हटल्यावर हात आपोआप खिडकीकडे गेला. ट्यूब होती. लावली, बरं वाटलं, चार दिवसांनी जास्तच आग व्हायला लागली. परत लावली. अंगावरून जायला लागलं, त्याला वास यायला लागला. मी आंघोळ दोनदा करायला लागले. मावशी म्हणाली, “कुठल्या राणीला भेटायला जायचंय?” नीळ लागली, असं मी तिला सांगितलं आणि स्वतःलाही तेच सांगत राहिले. दवाखान्यात जायचा विचार आला नाही असं नाही. पण तेव्हा दवाखान्यात गेलं की माणूस कोरोना घेऊन येतो किंवा येतच नाही, असं सगळे म्हणत होते.

आमच्या कटिंगच्या बायकांत एक काकू होत्या, मूळच्या कोकणातल्या, तोंडानं फटकळ. त्यांच्या हातातला कटर चालताना जेवढा आवाज करायचा तेवढाच त्या स्वतः करायच्या. एके दुपारी मी मोरीकडून परत आले तर म्हणाल्या, “काय गं, सारखी उठतेस? मोरीत कुणी बसवून ठेवलाय काय?”

बायका हसल्या.

“नीळ लागलीय काकू.”

“नीळ?” त्यांनी हातातला मास्क माझ्यापुढे धरला. “ह्याची? जीन्स बघून किती महिने झाले तुला? पांढऱ्या कापडाची कुठली गं नीळ लागते?”

बायका परत हसल्या. मीही हसले. पण काकूंचं खरं होतं. आम्ही कितीतरी महिने जीन्सला हात लावलेला नव्हता. तरी ट्यूब खिडकीत होती, तरी मी ती लावत होते, आणि मला एकदाही हे सुचलं नव्हतं.

मग एकच गोष्ट उरली. त्याच्याकडून. आणि त्याच्याकडून आली असेल तर त्याला कुणाकडून? बंदच्या दिवसांत तो बदलापुरात घरोघर किराणा पोचवत होता. मी मनात त्या सगळ्या घरांचे दरवाजे उघडून पाहिले. प्रत्येक दारात एक बाई होती.

सुट्टीच्या वेळी काकूंनी मला जिन्यात गाठलं. आता आवाज खाली होता.

“कुणाबरोबर काय केलंस ते मी विचारत नाय. सरकारी दवाखान्यात मागच्या बाजूला एक खोली आहे. बाई बसते, बरी आहे, ओरडत नाय. तिथं जा.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“आमचे मालक ट्रकवर होते ना.” एवढंच म्हणून त्या पुढे निघाल्या. दोन पायऱ्या उतरून थांबल्या. “आणि ती ट्यूब फेकून दे. मीसुद्धा वर्षभर तीच लावीत होते.”

काकूंचं ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. स्वतःची झाकलेली गोष्ट त्यांनी माझ्यासाठी जिन्यात उघडली, आणि दुसऱ्या दिवशी परत सगळ्यांसमोर मला “मोरीची राणी” म्हणून हाक मारली, म्हणजे कुणाला शंका नको.

दवाखान्यातली ती बाई खरंच ओरडली नाही. तिनं नाव विचारलं, वय विचारलं, लग्न झालंय का विचारलं, मी नाही म्हटल्यावर मान वर केली नाही. डॉक्टरबाईंनी तपासलं. त्या म्हणाल्या, जंतूंचा संसर्ग आहे, गोळ्यांनी जातो, पण त्या मलमानं सगळं चिघळवलंय. रक्तही तपासून घेऊ, एचआयव्हीसकट.  मग ती नाव विचारणारी बाई म्हणाली, “जोडीदाराला घेऊन ये. तू एकटीनं गोळ्या घेऊन उपयोग नाही. त्यानं नाही घेतल्या तर तुला परत होणार.”

“तो नाही आला तर?”

“बघ विचारून,” ती म्हणाली. “बरेच येत नाहीत. काही येतात.”

तिथून टेरेसवरच्या टाकीपर्यंत मी एकच वाक्य घोटत आले. त्याला सांगितलं आणि तो भडकला, तर संपलं. तू कुणाबरोबर होतीस, असं त्यानं मलाच विचारलं, तरी संपलं. आणि त्यानं रागात कुणाला सांगितलं तर मावशी, पहिली गाडी, मांडव. पण न सांगता गोळ्या घेण्यात अर्थ नव्हता. मी फोन लावला आणि एका दमात सांगितलं. शेवटी म्हटलं, “गुरुवारी सकाळी बोलावलंय. दोघांना.”

पलीकडे स्कूटरचा आवाज येत होता, तोही बंद झाला.  मग तो म्हणाला, “बघतो,” आणि फोन ठेवला.

‘बघतो’ या शब्दाचा आमच्याकडे अर्थ ‘नाही’ असा होतो. गुरुवारपर्यंत त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही.

गुरुवारी मी त्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बाकावर एकाआड एक फुल्या मारलेल्या होत्या, फुलीवर बसायचं नाही. बाकी सगळ्यांचे चेहरे झाकलेले. पहिल्यांदा मला मास्क बरा वाटला, कुणी ओळखणार नव्हतं. बाई आतून म्हणाली, “आलाय का?” मी नाही म्हणून मान हलवली. “थांबू थोडं,” ती म्हणाली. मला आजही वाटतं, तिनं त्या दिवशी माझ्यासाठी नंबर मागे ढकलला.

तो आला तेव्हा मी त्याला आधी मास्कवरून ओळखलं. खिशाचं कापड, माझीच शिलाई, एका बाजूला किंचित वाकडी. तो फुली सोडून पलीकडे बसला. माझ्याकडे बघितलं नाही.

“आलास,” मी म्हटलं.

“हं.”

बाईनं त्याला एकट्याला आत बोलावलं. पण खोलीचं दार बंद करायला परवानगी नव्हती, हवा खेळती ठेवायची म्हणून. टेबलावर प्लॅस्टिकचा पडदा, दोघांच्या तोंडाला मास्क. बाई एरवी हळूच विचारत असणार, तेव्हा तिला मोठ्यानं विचारावं लागत होतं आणि त्याला मोठ्यानं सांगावं लागत होतं. मी बाहेर फुलीशेजारी बसून ऐकत होते. कान बंद करता आले असते. केले नाहीत.

“त्रास कधीपासून?”

“झालं वर्षाच्या वर. लघवीला जळजळ. बंदच्या आधीपासूनच.”

“मग दाखवलं का नाही?”

“मला वाटलं नीळ आहे. इस्त्रीवर होतो मी, ओल्या जीन्सची वाफ लागते खाली. सगळ्यांनाच होतं. मलम लावत होतो.”

बाईनं विचारलं, “तुम्ही दोघं एकाच कारखान्यातले का?”

“हो.”

“तरीच.” मग म्हणाली, “हिच्या आधी कुणी?”

 मग त्यानं सांगितलं. एक होती, माझी त्याची ओळख व्हायच्या आधी, तिचं पुढं लग्न झालं.

“नंतर? बंदच्या काळात?”

“कुणी नाही.”

“नक्की?”

“बाई, तेव्हा आईसुद्धा मला दारातच उभं करून आंघोळीला पाठवायची. कोण जवळ येणार?”

आत बाई हसली. मी माझ्या मनातले ते सगळे दरवाजे एकेक करून बंद केले. दोन-तीन बंद व्हायला वेळ लागला. त्यानं खोटं सांगितलं असेल, असंही वाटून गेलं. पण मी बाहेर ऐकतेय हे त्याला माहीत होतं, आणि दार उघडं असताना तो बोलला होता.

दोघांना गोळ्यांची पाकिटं मिळाली, कशा घ्यायच्या ते समजावलं, संपेपर्यंत जवळ यायचं नाही असं बजावलं. निघताना बाईनं दाराशी ठेवलेल्या डब्याकडे बोट केलं. निरोधचा डबा. “घ्या लागतील तेवढे, विचारायचं नाही.” तो त्या डब्याकडे बघत राहिला. दोरी नाही, काका नाहीत, चुन्याचा गोल नाही. त्यानं मूठभर उचलले आणि बॅगेच्या आतल्या खिशात घातले.

दोघांच्याही रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. पण बाई म्हणाली, तीन महिन्यांनी परत करू, मगच पक्कं म्हणता येईल. ते तीन महिने मी कशी होते ते सांगण्यासारखं नाही. गोळ्यांनी त्रास गेला, भीती गेली नाही. आईचा फोन आला की ती विचारायची, “जेवलीस का?” आणि मला वाटायचं तिला आवाजातून कळेल. मी सारखं त्याला म्हणायचे, “तू दुसऱ्यांदा येशील ना?” तो म्हणायचा, “येणार ना.” पहिल्यांदा तो आला होता, पण कुणी ओळखीचं नसलेल्या ठिकाणी, चेहरा झाकून. एकदा येऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा येतोच असं नाही, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

दुसऱ्या तपासणीची वेळ आली आणि परत सगळं बंद झालं. परत हद्दीवर अडथळे. त्याचा किराण्याचा पास बदलापूरपुरताच होता. मी म्हटलं, “राहू दे, मी माझं करून येते.” तो म्हणाला, “तू नाक्यावर थांब.”

मी नाक्याच्या अलीकडे थांबले. पलीकडे अडवलेल्यांची रांग लागली होती, चुन्याचे गोल तिथंही होते. त्याच्या मागे-पुढे बरीच माणसं. हवालदार खुर्ची टाकून बसले होते, काठीनं एकेकाला पुढे बोलावत होते.

“कुठं?”

“दवाखान्यात,” तो म्हणाला.

“सकाळपासनं सगळे दवाखान्यातच चाललेत. एकाची आजी तर दोनदा आजारी पडली. तुला काय झालंय?”

“रक्त तपासायचंय.”

“कोरोनाचं?”

“नाही.”

“मग कसलं? मोठ्यानं बोल, मास्क आहे.”

मी बघत होते. मला रस्त्यापलीकडचं मेडिकल दिसत होतं आणि सॅनिटायझरची बाटली दिसत होती. त्यानं आता आजी सांगितली असती तरी मी समजून घेतलं असतं.

“गुप्तरोगाची तपासणी आहे साहेब,” तो म्हणाला, चांगलं रांगेच्या शेवटपर्यंत ऐकू जाईल असं. “एचआयव्हीची. मागं झाली होती, परत बोलावलंय. बायको पलीकडं उभी आहे, तिची पण आहे.”

रांगेतली माणसं आपापल्या गोलातून एक पाऊल मागे सरकली. तोवर ती अंतर ठेवून उभी राहावीत म्हणून हवालदारांनी सकाळपासून घसा बसवून घेतला होता. हवालदारांनी स्वतः खुर्ची थोडी मागे घेतली आणि काठीनं अडथळ्यातली फट दाखवली.

“जा,” ते म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, “लवकर जा. बारानंतर बंद होतं ते.”

त्यांना वेळ कशी माहीत, हे मी त्याला पुढे बऱ्याचदा विचारलं आहे. त्यालाही माहीत नाही.

तो अलीकडे आला. मास्कच्या दोरीमागे त्याचे कान लाल झाले होते. तो रिपोर्टही चांगला आला आणि पुढं लग्नही झालं, मावशी थोडी रडली आणि मग जेवणाचं तिनंच सगळं पाहिलं. पण तेव्हा यातलं काही ठरलेलं नव्हतं.

“बायको म्हणालास,” मी म्हटलं.

“मग काय म्हणू? नातेवाईक?”

रिक्षा नव्हत्या. आम्ही मध्ये अंतर ठेवून चालत निघालो. मागे हवालदार पुढच्या माणसाला विचारत होते, “तुझं काय? मोठ्यानं बोल.”